आई-बाबा, मे महिन्यात येऊ नका

मिनिकॉय, लक्षद्वीप
6 मे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी परस्पर ठरवूनच टाकलंत, की शाळांना सुट्ट्या लागल्यात तर आत्याच्या पोरांनाही घेऊन या महिनाअखेरीस येतो. ऐकून बरं वाटलं. पण फोनवर बाबा पावसाचं विचारतात, आई जेवणाचं, आणि मधलं सगळं राहून जातं. म्हणून हे पत्र. मे महिन्यात येऊ नका. डिसेंबरात या.

कारण जहाज. इथे विमानतळ नाही. लक्षद्वीपचा एकच विमानतळ, तो अगत्तीला, आणि अगत्ती व आमच्यामध्ये नाइन डिग्री चॅनलचा मोकळा समुद्र. आम्ही बाकीच्या बेटांपासून तुटून खाली दक्षिणेला, मालदीवच्या शेजारी. कोचीहून जवळजवळ चारशे किलोमीटर. जहाज थेट असलं तर एक रात्र आणि वर काही तास, दुसरी बेटं करत आलं तर विचारू नका. 15 मेपासून 15 सप्टेंबरपर्यंत लहान गलबतं बंद होतात, मोठ्या जहाजांच्या फेऱ्याही कमी होतात, आणि वेळापत्रकात छापलेली फेरी हवा बिघडली की रद्द. आलात तर परत कधी जाल ते मी सांगू शकत नाही, आणि बाबांना पेरणीला घरी असायचंय. शिवाय समुद्र खवळलेला असताना जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत उतरायचं म्हणजे आईचे गुडघे आणि माझा जीव, दोन्ही टांगणीला. प्रवेश परवानाही लागतो. तुम्हालाही तो लागेल असंच धरून चाला. त्याची कागदपत्रं मी इथून सुरू करते.

आता बाबांचा प्रश्न. पाऊस कधी?

बाबा, तुमच्या टीव्हीवर ‘मान्सून केरळात दाखल’ अशी पट्टी येते ना, त्यामागे मी काम करते त्या इथल्या हवामान केंद्राचं पर्जन्यमापकही आहे. केरळ, कर्नाटकचा किनारा आणि लक्षद्वीप मिळून 14 केंद्रं ठरलेली आहेत. 10 मेनंतर त्यातल्या किमान 60 टक्के ठिकाणी सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला, आणि वाऱ्याचा वेग, त्याची उंची, ढगांच्या नोंदी हेही जुळलं, तरच मान्सून आला असं जाहीर करतात. त्या 14 मध्ये मिनिकॉय आहे. सकाळी साडेआठला ते पाणी मोजायला मी जाते तेव्हा दहिवडीतले तुम्ही डोळ्यासमोर असता, हे साहेबांना सांगत नाही इतकंच. पहाटेच्या फुग्याचंही तसंच. हायड्रोजन भरून, खाली यंत्र बांधून सोडायचा. तो वर जाताना तापमान, दमटपणा, वारा कळवत राहतो आणि शेवटी फुटतो. यंत्र समुद्रात जातं. आई, तू विचारलं होतंस ते परत मिळतं का. नाही मिळत.

पण एक गोष्ट मागेही सांगितली होती, पुन्हा सांगते. केरळात आला म्हणजे आपल्या माण तालुक्यात आला, असं धरून बाजरी टाकू नका. 2025 साली 24 मेलाच केरळात दाखल झाला, 2009 नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता, 26 तारखेला मुंबईतही पोचला. तुमची मशागतसुद्धा उरकली नव्हती. एरवी मात्र सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिकामे होतात आणि आपल्याला खरा हात मिळतो तो परतीच्या पावसाचा. इथे वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडे पाचशे गाठले तर पेढे वाटायचे.

एवढा पडूनही इथे पाण्याची काळजी आहे, हे तुम्हाला पटणार नाही. अख्खं बेट पाच चौरस किलोमीटरांच्या आतलं, अरुंद आणि लांब. ना नदी, ना ओढा, ना तळं बांधायला डोंगर. प्रवाळाची वाळू. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहीर चार हातांवर लागते, पण उपसा जास्त झाला की खालचं खारं वर येतं. बोअर मारून खोल जाण्याची आपल्याकडची अक्कल इथे उलटी पडेल. 2011 पासून एक संयंत्र आहे, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करण्याच्या क्षमतेचं. त्याची युक्ती बाबांना आवडेल. वरचं समुद्राचं पाणी कोमट असतं, अठ्ठावीस अंशांच्या आसपास. ते हवा काढून घेतलेल्या टाकीत सोडलं की आग न लावताच त्याची थोडी वाफ होते. ती वाफ थंड करायला साडेतीनशे मीटर खोलवरून बारा-तेरा अंशांचं पाणी पाइपने ओढतात. गाळण नाही, रसायन नाही. फक्त पंप चालू ठेवायला वीज लागते, आणि ती मुख्यतः डिझेलवर. डिझेल जहाजातून. बघा, फिरून जहाजच.

तांदूळ, कांदे, गोळ्या-औषधं, सिमेंट, वह्या, सगळं कोचीहून येतं. जहाज आलं की दोन दिवस दुकानात टोमॅटो दिसतो. मग भाव चढतो, मग टोमॅटोच दिसत नाही. आई, मी उपाशी नाही. शेवगा आहे, केळी आहेत, विलायती फणस आहे, नारळाला तर तोटाच नाही. माळकरी घरातली मुलगी मासे खाते का, हे आजीने विचारलं तर तू काय सांगायचं ते तू ठरव. इथे दुसरं काही बोलायलाच नको, ट्यूना. गळ टाकून एकेक मासा उचलतात, जाळ्याने ओरबाडत नाहीत. मग उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात.

तुला एकटीची भीती वाटते, ती सोड. हे बायकांचं बेट आहे म्हटलं तरी चालेल. पुरुष निम्मे जगभरच्या व्यापारी जहाजांवर असतात. घर, पैसा, गावकी बायका चालवतात. लग्नानंतर नवराच बायकोच्या घरी येतो आणि घराणं आईकडून चालतं. अकरा गावं आहेत, प्रत्येक गावाचा प्रमुख निवडलेला, आणि बायकांची प्रमुख वेगळी. शेजारचे काका निवृत्त खलाशी, मुंबई गोदी त्यांना पाठ. माझ्याशी डोंगरीच्या हिंदीत बोलतात आणि मुंबईच्या पावसाला शिव्या देतात. रात्री दहाला मी एकटी चालत येते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, कारण बेटावर कुत्री नाहीतच.

आजारपणाचं मात्र लपवत नाही. दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, पण अवघड काही झालं की हेलिकॉप्टर, आणि हवा वाईट असली की वाट बघणं. काकांची सून दिवस भरायच्या महिनाभर आधीच कोचीला जाऊन राहिली. चांगली धडधाकट, तरी. म्हणून बाबांची रक्तदाबाची गोळी येताना दुप्पट आणा आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

डिसेंबर अगदीच निर्धोक असंही नाही. 2017 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळ इथून गेलं तेव्हा माड आडवे झाले होते. पण वादळाची खबर आता आधी लागते. ती द्यायलाच तर आम्ही बसलोय. महिन्याच्या मध्यावर निघा.

आणि राहिलेलं. बदलीचा अर्ज यंदा मी दिलेला नाही. पुण्याला जागा होती, मला कळलं होतं. अजून एक पावसाळा मला इथे करायचाय. आकडे पुण्यात संगणकावर दिसतात, इथे तो पाऊस अंगावर येताना दिसतो, आणि मला दुसरं जास्त आवडायला लागलंय. स्थळाचं काकूंना माझ्या वतीने सरळ सांगा, की मुलगी डिसेंबरपर्यंत जागची हलत नाही. त्यांना थांबवत असेल तर थांबू देत. आई रागावेल हे माहीत आहे. रागाव, पण फोन उचल.

येताना बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, काकांसाठी सातारी कंदी पेढे. दारू कोणी देऊ केली तरी बॅगेत घेऊ नका, इथे बंदी आहे. बाबांची ती मफलर घरीच राहू दे.

तुमची,
सुमी