वहीतले शून्य

महोदय,

मी 28 वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो. परवा शेजारच्या मुलीची प्रात्यक्षिकाची वही पाहिली. तारेची जाडी मोजायच्या स्क्रू गेजच्या प्रयोगात शून्य त्रुटीच्या, म्हणजे जबडे पूर्ण मिटल्यावरही गेज जे चुकीचे वाचन दाखवतो त्याच्या, रकान्यात सरळ ‘शून्य’. विचारले तर म्हणाली, ‘काका, सगळ्यांनीच तसं लिहिलंय.’ फार वाईट वाटले.

माझ्या हाताखालच्या जुन्या गेजचे जबडे मिटले तरी तबकडी 3 भाग पुढे, म्हणजे 0.03 मिमी दाखवायची. क्षुल्लक वाटते ना? पण तार 0.36 मिमी जाडीची असेल तर वाचन 0.39 येते. तारेची रोधकता (तिच्या धातूचा विजेला होणारा विरोध) काढताना व्यासाचा वर्ग होतो आणि उत्तर 17 टक्क्यांनी चुकते! त्यात काही मुले रॅचेट (ठरावीक दाबानंतर नुसतीच फिरणारी टोकाची कळ) सोडून मुख्य स्क्रूच करकचून आवळतात, मग तारच दबते. एकाच जागी एकदा मोजून भागत नाही. तार सगळीकडे सारखी गोल नसते, म्हणून काटकोनात दुसरे वाचन घ्यायचे.

परीक्षकांना कळकळीची विनंती: उत्तर पुस्तकाशी जुळले का, हे नंतर पाहा. आधी मुलांना तुमच्यासमोर जबडे मिटायला लावा आणि तबकडी वाचायला सांगा.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सांगली