पालापाचोळ्यालाही एक गाडी द्या: नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सादर नमस्कार.

जानेवारीत बदामाची पानं लाल होऊन गळायला लागतात, मागोमाग पिंपळ, शिरीष, कडुनिंब. एप्रिलपर्यंत रस्त्यावर पानगळ चालू असते आणि तोवर सकाळी कुठे ना कुठे एखादा ढीग पेटलेला असतोच. आमच्या महापालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शहराचं घालून वाचलं तरी चालेल.

पेटवणाऱ्या सफाई कामगाराची तक्रार म्हणून हे लिहीत नाही. त्याच्याकडे खराटा आणि एक हातगाडी. एका जुन्या शिरिषाखालचा पाला भरतानाच ती ओसंडते. घंटागाडीत कप्पे ओल्याचे आणि सुक्याचे. पाचोळा घ्या म्हटलं तर गाडीवाला नाही म्हणतो, आणि त्याचं चूक नाही, त्याच्या कामात तो धरलेलाच नाही. मुकादमाला मात्र रस्ता वेळेत साफ हवा. मग काडेपेटी निघते.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेचा कचरा वेगळा साठवायला सांगितलं. साठवतो की! गोण्या भरून फाटकाशी ठेवतो. त्या तिथेच फाटतात, आणि पहिल्या पावसात तो पाला गटाराच्या जाळीवर जाऊन बसतो.

खरी गंमत पुढेच आहे. सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह आहे, आणि तो योग्यच आहे. पण नुसता ओला कचरा खड्ड्यात टाकला की पाणी सुटतं, वास येतो, अळ्या होतात, मग सभेत भांडणं. त्यात काहीतरी कोरडं मिसळावंच लागतं. म्हणून आम्ही कोकोपीटच्या विटा विकत आणतो, म्हणजे केरळ-तमिळनाडूतल्या नारळाच्या काथ्याचा भुसा. तेच काम फुकटात करणारा पाला फाटकाबाहेर जळत असतो.

पाला डेपोवर नेण्यातही अर्थ नाही. तो हलका आणि फुगीर. ट्रक भरतो तो निम्मा हवेने. त्यात कंत्राटदाराला पैसे टनावर मिळत असतील, तर तो पाल्याला हात कशाला लावेल? तेव्हा पाला जिथे पडतो तिथेच, प्रभागातल्या पालिकेच्या बागेत, जाळीचे साधे पिंजरे उभे करा. पाला, थोडं शेण, अधूनमधून पाणी. वर्षभरात खत होतं, आणि ते त्याच बागेला लागतं. पाला बारीक करणारं यंत्र मिळालं तर आणखी लवकर.

आपल्या खात्याकडून सर्व महापालिका-नगरपालिकांना एवढा आदेश जावा: जानेवारी ते एप्रिल पाल्यासाठी वेगळी गाडी, तिचे ठरलेले वार, पैसे फेरीवर, टनावर नव्हे, ज्या सोसायटीला पाला हवा तिला तो विनामूल्य, आणि पालिकेच्याच रस्त्यावर ढीग पेटला तर जाब प्रभाग अधिकाऱ्याला, कामगाराला नाही.

निविदा, मंजुरी, कार्यादेश यांत किती महिने जातात हे आपण जाणताच. येत्या पानगळीला गाडी रस्त्यावर दिसायची असेल, तर आदेश दिवाळीआधी निघायला हवा.

आपला,
एक करदाता नागरिक