ताई, "एंटर दाबू नकोस" म्हणालात त्याबद्दल

ताई,

त्या रात्री साडेबाराला मी व्हॉट्सॲपवर नुसतं "थँक्यू ताई" टाकलं आणि तुम्ही त्यावर अंगठा दिलात, विषय संपला. पण मला काही ते पचेना. जुन्या कंपनीतली ओळख, तीन वर्षांत आपला एक फोन नाही, तुम्ही चिपळूणला माहेरी, बाहेर पाऊस, रेंज फक्त गच्चीवर, आणि तुम्ही छत्री धरून तीन तास माझ्याशी बोलत उभ्या. त्याला एक अंगठा म्हणजे फारच स्वस्तात गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. माझी फजिती पण येईल त्यात, येऊ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे मारियाडीबी डेटाबेसचा तीन नोडचा गॅलेरा क्लस्टर, म्हणजे तीन सर्व्हर (नोड) आणि तिन्हीवर तोच डेटा, त्यावर पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट. शनिवारी तिसऱ्या नोडची डिस्क गेली, रविवारी नवी डिस्क लागली आणि मशीन गुरुवारच्या इमेजवरून, म्हणजे तेव्हाच्या पूर्ण कॉपीवरून, उभं केलं. मला वाटलं आता स्टार्ट मारायचा, बाकीचं गॅलेरा बघून घेईल. मारला. दीड मिनिटाने सर्व्हिस पडली. परत मारला, परत दीड मिनिट. असं पाच-सहा वेळा, आणि मधेच सपोर्टवाला ओरडतोय की निम्म्या लॅबचं ॲप अडकतंय. मी त्याला म्हटलं नेटवर्क गंडलंय, माझं काम वेगळं चालू आहे. (त्याची माफी मागितली आहे, वडापाव पण दिलाय.)

तुम्हाला फोन लावला तेव्हा साडेनऊ झाले होते आणि मी त्याच तिसऱ्या नोडवर गॅलेरा न्यू क्लस्टर कमांड (या नोडपासून नवा क्लस्टर सुरू कर) देऊन बसलो होतो. ती म्हणाली की या नोडवरून बूटस्ट्रॅप, म्हणजे क्लस्टरची सुरुवात, करणं सुरक्षित नसेल, जबरदस्ती करायची असेल तर ग्रास्टेट फाइलमध्ये (नोडची स्थिती लिहिलेली असते ती) सेफ टू बूटस्ट्रॅप एक कर. मी फाइल उघडून शून्याचा एक करून पण ठेवला होता, सेव्ह बाकी. तुम्हाला हे अगदी सहज सांगितलं, जसं काय भाजीत मीठ टाकतोय.

तुम्ही म्हणालात, "एंटर दाबू नकोस. हात की-बोर्डवरनं काढ. वरची यूयूआयडी वाच." म्हणजे नोड कुठल्या क्लस्टरचा, त्याचा ओळख क्रमांक.

सगळे शून्य होते. तुम्ही म्हणालात अरे तो स्वतःच सांगतोय की मला माझा पत्ता माहीत नाही, आणि तू त्याला घरमालक करायला निघालास. त्या नोडवर अर्धा गुरुवारचा डेटा आणि अर्धा पाच-सहा वेळा तुटलेल्या कॉपीचा. जरी कसाबसा उठला असता तरी एकटाच वेगळा क्लस्टर म्हणून उठला असता, आणि आमचा एचए प्रॉक्सी (ॲपचं ट्रॅफिक नोडांमध्ये वाटणारा) फक्त लॉगिन होतंय का तेवढंच बघतो, त्याने खुशाल लॅबचे रिपोर्ट तिकडे लिहायला पाठवले असते. सोमवारी सकाळी सातला रक्त घ्यायला लाइन लागते आमच्याकडे. एकाच पेशंटचा अर्धा रेकॉर्ड इकडे अर्धा तिकडे, आणि तो नंतर जोडायचा कोणी?

मग तुम्ही बहुमताचं समजावलंत. तीनपैकी दोन जिवंत म्हणजे सरकार चालू आहे, पण आता त्यातला एक जरी अचानक पडला तर उरलेला दोनातला एक, आणि निम्मं म्हणजे बहुमत नाही, तो क्वेरी घ्यायचंच बंद करतो. म्हणून त्या दोघांना हात लावायचा तर आधी तुम्हाला विचारून, असं बजावलंत. हे मी पुस्तकी वाचलेलं होतं हो, पण त्या वेळी डोक्यात कुठे होतं.

दीड मिनिटाचं कोडं तुम्ही दोन प्रश्नांत सोडवलंत. सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा) ९० सेकंद वाट बघतो आणि सर्व्हिस उठली नाही की मारून टाकतो, आणि आमचा डेटा २१२ जीबी, तो ९० सेकंदांत येणार कसा. टाइमआउट उठवायचा, पण आमचा सिस्टिमडी इतका जुना की त्याला इन्फिनिटी (कितीही वेळ थांब) कळत नाही, तिथे शून्य लिहायचं, हे तुम्ही गच्चीवरून पाठ सांगितलंत. आणि ॲप का अडकत होतं? कारण एसएसटी, म्हणजे चांगल्या नोडवरून सगळ्या डेटाची कॉपी, आरसिंक या फाइल-कॉपीच्या साधनावर होती. ती चालू असताना देणारा नोड लिहिणं थांबवून बसतो, म्हणजे मी स्टार्ट मारला की एका चांगल्या नोडचा गळा मीच दाबत होतो, दर वेळी.

आयएसटीवर भागेल का, म्हणजे फक्त मधले राहिलेले बदल घेऊन, असं मी विचारलं. तुम्ही जीकॅश (नोड नुकतेच झालेले बदल ज्यात धरून ठेवतो ती जागा) किती विचारलंत. डीफॉल्ट, १२८ एमबी. तुम्ही नुसत्या हसलात.

मग आरसिंकऐवजी मारियाबॅकअप, जो देणाऱ्या नोडचं लिहिणं फारसं न अडवता कॉपी करतो. त्याचं पॅकेज दुसऱ्या नोडवर नव्हतंच, आणि मी यम इन्स्टॉल (पॅकेज टाकायची कमांड) मारणार इतक्यात परत "थांब". व्हर्जन बघ, नाहीतर तो सर्व्हरपण अपग्रेड करायला जाईल आणि चालता नोड रीस्टार्ट होईल. एसएसटीसाठी लागणारा डेटाबेस युजर मी तिन्हीकडे बनवायला निघालो होतो, तो एका ठिकाणी केला की बाकीकडे आपोआप जातो हे पण तुम्हीच सांगितलं. दुसरा नोड डोनर (कॉपी देणारा) म्हणून नेमला, एचए प्रॉक्सीतून बाजूला काढला, म्हणजे त्याची दमछाक लॅबला कळायला नको.

आणि तिसऱ्या नोडचं जुनं डेटा फोल्डर उडवायची वेळ आली तेव्हा तुम्ही जे केलंत ते मी आयुष्यभर करणार आहे. तीन टर्मिनल, तिन्ही काळे, तिन्ही सारखे दिसणारे. तुम्ही म्हणालात होस्टनेम (मशीनचं नाव दाखवणारी कमांड) टाइप कर आणि मला मोठ्याने वाचून दाखव. वाचलं तर मी पहिल्या नोडवर होतो. पहिल्या! फोनवर मिनिटभर नुसता तुमच्याकडचा पावसाचा आवाज. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, योग्य खिडकीत जा, परत वाच, आणि उडवू नकोस, नाव बदलून बाजूला ठेव.

पावणेअकराला स्टार्ट मारला. पहिल्या नोडवर क्लस्टर साइज बघितला तर लगेच तीन, मी ओरडलोच "ताई तीन आलं!" तुम्ही म्हणालात, "तीन आलं म्हणजे पंगतीला बसलाय, जेवलेला नाहीये अजून." सिंक्ड (बाकीच्यांच्या बरोबरीला आला) दिसेपर्यंत त्याच्याकडे ट्रॅफिक सोडायचं नाही. कॉपीला तासभर, मग प्रिपेअर (आलेली कॉपी वापरण्याजोगी करणं), मग मधल्या वेळचे साठलेले बदल. तुम्ही तेवढ्यात खाली जाऊन पिठलं-भात खाऊन आलात, मी कोरडी बिस्किटं खात लॉग बघत बसलो, आणि बारा वीसला सिंक्ड आलं.

तुम्हाला एकदाही "हे एवढंपण माहीत नाही का" म्हणावंसं वाटलं नाही का? मला माझ्याबद्दल पन्नास वेळा वाटलं. आमच्याकडचे एक साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, एका नोडला इतका वेळ? त्यांना काय सांगणार, हसलो.

तर ताई, आता तिन्ही नोडवर जीकॅश ४ जीबी केलाय, एकेक करून, मधे सिंक्ड बघून. आरसिंक काढला. तीन टर्मिनलना तीन रंग दिलेत, पहिल्या नोडचा भडक लाल. चिपळूणहून परत येताना पुण्यात थांबा, चहा नाही, जेवणच करा आमच्याकडे, आई पिठलंच करणार म्हणतेय तुमचा किस्सा ऐकून.

आणि ते नाव बदललेलं जुनं फोल्डर अजून तसंच आहे. तुम्ही सांगाल तेव्हा उडवतो, होस्टनेम वाचून.

तुमचा,
पहिल्या नोडवर उभा असलेला