शाळेच्या संगणकांच्या किल्ल्या कोणाकडे राहणार? : मा. शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणमंत्री

विषय : शाळांतील संगणक व नेटवर्कची देखभाल बाहेरच्या कंपन्यांकडे सोपविण्याबाबत

महोदय,

शाळांतील संगणकांची देखभाल कंपनीला द्यावी की शाळेने स्वतःचा तंत्रज्ञ नेमावा, हा प्रश्न आपल्यासमोर बहुधा खर्चाच्या तक्त्याच्या रूपानेच येईल. त्यात एका रकान्यात तंत्रज्ञाचा पगार आणि शेजारच्या रकान्यात कंपनीची निविदा असेल, आणि दुसरा आकडा लहान असेल. शिकवता शिकवता अनेक वर्षे संगणक कक्षही सांभाळलेला शिक्षक म्हणून माझी विनंती आहे की, या तक्त्यात वाया गेलेल्या तासिकांचा तिसरा रकाना जोडल्याशिवाय त्यावर सही करू नये.

करारात ‘चार तासांत प्रतिसाद’ असे लिहिले की कार्यालयीन दृष्टीने ते पुरेसे वाटते. परंतु तासिका चाळीस मिनिटांची असते, आणि प्रतिसाद म्हणजे दुरुस्ती नव्हे. तक्रार मिळाल्याचा निरोप आला तरी कागदोपत्री प्रतिसाद पूर्ण होतो. आमच्या शाळेत एकदा वर्गातला प्रोजेक्टर बंद पडला, तेव्हा कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला आणि सैल झालेली केबल घट्ट बसवून गेला. तोपर्यंत त्यांच्या नोंदीत आमची तक्रार निकाली निघालेली होती. शाळेतल्या रोजच्या अडचणी बहुतेक अशाच असतात : विसरलेला पासवर्ड, न लागणारे वाय-फाय, ऐन परीक्षेत अडलेला संगणक. त्यांना मोठे ज्ञान लागत नाही, जवळ माणूस लागतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कंपनीने सदोष अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतले, पण तोवर कोलमडलेल्या संगणकांपैकी असंख्य संगणकांसमोर प्रत्यक्ष बसून, ते ‘सेफ मोड’मध्ये (संगणक अत्यावश्यक गोष्टींपुरताच सुरू करण्याच्या पद्धतीत) सुरू करून अपडेटची ती एक सदोष फाइल काढावी लागली. दुरून देखभाल करण्याची व्यवस्था चालते ती समोरचा संगणक चालू असेपर्यंतच.

याचा अर्थ सर्व काही शाळेनेच करावे, असा मात्र नाही. नेटवर्कची सुरक्षा, सर्व्हर, बॅकअप ही कामे एकट्या तंत्रज्ञाच्या आवाक्याबाहेरची आहेत. तो रजेवर गेला की शाळा अडते आणि नोकरी सोडून गेला की सगळी माहितीही त्याच्याबरोबर जाते. ही कामे बाहेर द्यायला माझी हरकत नाही. लहान शाळांना पूर्णवेळ माणूस परवडत नसेल, तर जवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक तंत्रज्ञ ठेवावा आणि कोणत्या वारी तो कोठे असेल हे ठरवून द्यावे.

माझा खरा आक्षेप किल्ल्यांबाबत आहे. देखभालीचे कंत्राट म्हणजे प्रत्येक संगणकाच्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नोंदीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देणे होय. पॉवरस्कूल या विद्यार्थी-नोंदींच्या प्रणालीत डिसेंबर २०२४ मध्ये घुसखोरी झाली, ती ग्राहक-साहाय्यासाठीच्या पोर्टलचे चोरलेले लॉगिन वापरून. ही प्रणाली वापरणाऱ्या कॅनडातील टोरांटोच्या शाळा मंडळाला १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती उघड झाली असण्याची शक्यता जाहीर करावी लागली. कंपनीने खंडणी दिली, तरीही मे २०२५ मध्ये काही शाळा मंडळांना पुन्हा धमक्या आल्याच. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्यांच्या नोंदी तेथे का ठेवल्या होत्या, हा प्रश्न मला चोरीइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि तो विचारणारा माणूस शाळेच्या बाजूने कोणी असायला हवा.

असाच माणूस खरेदीच्या वेळीही लागतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. ते मोडीत काढावेत की लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली घालून आणखी काही वर्षे वापरावेत, हे ठरवण्यासाठी शाळा कोणाचा सल्ला घेणार? देखभाल करणारी कंपनीच नवे संगणकही विकत असेल, तर तिचे उत्तर काय येईल हे विचारण्यापूर्वीच कळते.

म्हणून निर्णयापूर्वी काही निवडक शाळांत एक सत्रभर प्रत्येक बिघाडाची नोंद ठेवावी, असे मी सुचवितो. काय बिघडले, किती तासिका बुडाल्या आणि शेवटी दुरुस्ती कोणी केली, एवढेच लिहायचे आहे. त्यासाठी एक वही पुरेल. (दुरुस्ती करणाऱ्यांच्या रकान्यात नववीतल्या मुलांची नावे वारंवार दिसली, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.) त्यावरून कोणते काम बाहेर द्यायचे आणि कोणते आत ठेवायचे, हे निविदेपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल.

आणि कंत्राट द्यायचेच ठरले, तर काही अटी वगळू नयेत. मुख्य ॲडमिन खाते, म्हणजे सर्व अधिकार असलेले खाते, शाळेच्या नावावर असावे. कंपनीचे प्रत्येक लॉगिन दुहेरी पडताळणीनेच (पासवर्डखेरीज आणखी एका खात्रीने) व्हावे आणि त्याची नोंद शाळेला पाहता यावी. घड्याळ प्रतिसादावर नव्हे, तर वर्ग पुन्हा सुरू झाल्यावर थांबावे. करार संपताना सर्व पासवर्ड, नेटवर्कचे आराखडे आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी किती दिवसांत परत मिळतील, हे सही करतानाच लिहून घ्यावे. नंतर ते मागताना शाळेच्या हाती काहीच उरलेले नसते.

आपला,
संगणक कक्ष सांभाळणारा एक शिक्षक