ओव्हरक्लॉक करायचं असेल तर बोर्ड आधी बघा

मा. संपादक साहेब,

दिवाळीत जळगावच्या एका दुकानातून नवा पीसी जोडून घेतला, प्रोसेसर इंटेलचा आय५ १३६००के मुद्दाम सांगितला होता, ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा म्हणून (नावातला के म्हणजे तशी मोकळीक असलेला), आणि दुकानदाराने मदरबोर्ड लावून दिला बी७६०! घरी येऊन बायोस, म्हणजे बोर्डाची सेटिंग्ज, उघडलं तर मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा, वाढवताच येईना. इंटेलचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायला बोर्डावर झेड नावाचा चिपसेट, म्हणजे मुख्य चिप, लागतो, बी७६० वर फक्त रॅमचा स्पीड वाढतो, हे विकणाऱ्याने सांगायला नको का? के चे जास्तीचे पैसे गेले ते गेलेच.

एएमडी या दुसऱ्या कंपनीत हे सोपंय, त्यांच्या रायझन ७००० प्रोसेसरला ओव्हरक्लॉकसाठी बी६५० बोर्डही चालतो, ए६२० मात्र घेऊ नका. रॅमचंही तसंच, माझ्या डीडीआर५ रॅमच्या डब्यावर ६००० लिहिलेलं अन् पळत होती ४८०० वर, बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमची तयार स्पीड सेटिंग, चालू केलं तेव्हा कुठे खरा स्पीड आला. स्पीड हवा तर रॅमच्या पट्ट्या चार नको, दोनच घ्या.

आणि आपल्याकडचा मे महिना, पारा ४५ ला टेकतो, प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, म्हणून कूलरला पैसे वाचवू नका. दुकानदारांनी बिल करायच्या आधी एवढंच विचारावं, भाऊ, ओव्हरक्लॉक करणार का?

एक वाचक, भुसावळ