अहवालातला शेराही वाचा

हिरेखरेदीवरील लेखात केवळ रंगाची आणि शुद्धतेची श्रेणी पाहून निर्णय घेण्याचा सल्ला आहे. तो मला अपुरा वाटतो. ‘एसआय १’ या शुद्धतेच्या श्रेणीच्या (भिंगातून दिसणारे किरकोळ दोष असलेल्या) दोन हिऱ्यांपैकी एकात दोष कडेला असतो, दुसऱ्यात ऐन मध्यभागी. हा फरक प्रयोगशाळेच्या अहवालातील दोष दाखवणाऱ्या आकृतीतून कळतो, म्हणून आकृती असलेला पूर्ण अहवालच मागावा. त्याहून महत्त्वाचा खालचा शेरा, जो सहज नजरेतून सुटतो. ‘श्रेणी आकृतीत न दाखवलेल्या ढगांवर आधारित’ असे तिथे असेल (ढग म्हणजे अतिसूक्ष्म दोषांचे पुंजके), तर हिरा धूसर दिसण्याची शक्यता असते. असा हिरा वेगवेगळ्या उजेडात स्वतः पाहिल्याशिवाय घेऊच नये. कडेवर लेसरने कोरलेला क्रमांक असेल, तर तोही भिंगातून अहवालाशी जुळवावा.

– एक वाचक