सर्वानुमते

बर्मिंगहॅम,
रविवार, दुपार

चि. मनू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत विचारलंस, "आई, तू तिकडे चर्चला जातेस म्हणे?" तू हसत होतास, पण मागे भांडी लावणारी सूनबाई एकदम थांबली ते मला इथपर्यंत ऐकू आलं. आत्याचं काम असणार. मी "हो रे, जाते कधी कधी" म्हणून विषय बदलला. फोनवर असलं काही सांगायला घेतलं की तू "हं, हं" करतोस आणि दुसरीकडे मेल वाचतोस, ते मला कळतं. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

आधी काळजीचं. मी बाटलेली नाही. देवघरातला दिवा रोज लागतो, ताईला विचार. आणि मी जाते ती क्वेकरांकडे, ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ. या लोकांत बाप्तिस्माच नाही, तेव्हा बाटवायचं म्हटलं तरी मला बाटवणार कसे? पाद्री नाही, क्रूस नाही, प्रवचन नाही, गाणं नाही. (जगातले सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिकडे पाद्रीही असतात, गाणीही दणक्यात होतात, असं इथल्याच एकाने मला सांगितलं. जरा हेव्यानेच सांगितलं, असं मला वाटलं.) इथे नुसतं बसायचं. त्या बसण्यालाच मीटिंग म्हणतात आणि स्वतःला म्हणतात फ्रेंड्स.

क्वेकर म्हटल्यावर तुला ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला आठवला असेल. त्या कंपनीचा यांच्याशी काडीचा संबंध नाही, नाव तेवढं उचललं. कॅडबरीवाले मात्र खरे क्वेकर. आमच्या घरापासून जवळच बोर्नव्हिल आहे, कॅडबरींनी वसवलेलं. कारखाना १८७९ मध्ये तिथे नेला आणि मग बागा-बिगा असलेली घरं बांधली. दारूचं दुकान नको म्हणून पब ठेवलाच नाही.

तर मी गेले कशी? बाबा गेल्यावर इकडे आले, ते तुला माहीतच आहे. ताई-जावईबापू कामावर, पिहू शाळेत, मी आणि बॉयलरचा आवाज. शेजारची बाई एका रविवारी म्हणाली, चल, तासभर शांत बसायचं असतं. मनात म्हटलं, बाई, शांतता घरात पोत्याने आहे, ती घ्यायला आणखी कुठे जाऊ? पण गाडीत बसायला मिळत होतं, गेले.

साधी खोली. मधे टेबल, त्यावर फुलदाणी, बायबल आणि त्यांचं स्वतःचं एक पुस्तक. चारी बाजूंनी लाकडी बाकं, त्यामुळे सगळे एकमेकांसमोर. साडेदहाला सुरू, पण "सुरू" असं कोणी म्हणतच नाही. पहिला माणूस येऊन बसला की झालं सुरू. आपल्या विपश्यनेसारखं ताठ बसून डोळे मिटणं वगैरेही नाही. कोणी खिडकीबाहेर बघतंय, कोणी चष्मा पुसतंय. मी नुसता चहा घेऊन गेले होते. विसाव्या मिनिटाला माझं पोट असं गुरगुरलं की समोरचे आजोबा हसले. चाळिसाव्या मिनिटाला एक माणूस उभा राहिला. कुंपणावरून शेजाऱ्याशी भांडण झालंय, आणि त्या शेजाऱ्याची बायको दवाखान्यात आहे हे काल कळलं, एवढं चार वाक्यांत सांगून खाली बसला. मला वाटलं, आता कोणीतरी समजूत घालेल, निदान "अरेरे" म्हणेल. कोणी काही नाही. बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, त्याचं बोलणं खोलीत तसंच राहू द्यायचं, ही रीत. शेवटी दोघांनी हात मिळवले, मग सगळ्यांनी शेजाऱ्याशी हात मिळवले, सूचना झाल्या, चहा आला.

बाबा गेल्यावर मला किती जणांनी काय काय सांगितलं ते तू ऐकलंयस. "तुम्ही खंबीर राहायला हवं", "मुलांकडे बघा". मी एकटीच बोलू आणि कुणीच उत्तर देणार नाही अशी जागा असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. रविवारच्या बसण्यात मी अजून एकदाही उभी राहिलेली नाही हं. पण राहता येईल, हे माहीत असणंही बरं असतं.

आता कामाचं. पाद्री नसल्यामुळे सगळी कामं वाटून घ्यावी लागतात. क्लार्क असतात, ते सभा चालवतात. एल्डर असतात, ते रविवारच्या बसण्याकडे लक्ष देतात. आजारी कोण, एकटं कोण, हे बघणारे वेगळे. मुलांचा वर्ग घेणारे, हिशेब बघणारे, फुलं ठेवणारे, पुस्तकांचं कपाट सांभाळणारे. बहुतेक नेमणुका तीन वर्षांच्या, मग दुसऱ्याकडे. कुणाला कोणतं काम द्यायचं ते सुचवायलाही वेगळी समिती, आणि त्या समितीला लोक बघून जरा लपतात, कारण ती चहाचा कप हातात देत देत काम गळ्यात बांधते. मला मिळालं चिठ्ठ्यांचं काम. ते कसं मिळालं ते ऐक, आणि हसू नकोस.

महिन्यातून एकदा सगळे घरून काहीतरी करून आणतात आणि एकत्र जेवतात. मी काकडीची कोशिंबीर नेली, दाण्याचं कूट घालून, वर हिंग-मोहरीची फोडणी. एका बाईने विचारलं, यात नट्स आहेत का? मी छातीठोकपणे म्हटलं, नाहीत. नट्स म्हणजे काजू, बदाम, अक्रोड. शेंगदाणा हा काय नट आहे का, तो तर आपल्या शेतात होतो! तिचा मुलगा वाडगा घेऊन उभाच होता. नशीब माझं, तिने पुन्हा विचारलं, "पीनट्स?" त्या मुलाला दाण्याची ॲलर्जी, अंगाला सुद्धा लावायचं नाही. माझे हातपाय गार पडले. कोणी एक शब्द बोललं नाही, उलट त्या आईनेच मला खुर्ची दिली. पुढच्या महिन्यात निरोप आला: प्रत्येक पदार्थापुढे काय काय घातलंय त्याची चिठ्ठी लिहायचं काम कराल का? तेव्हापासून मी दारातच पेन घेऊन बसते आणि लोकांची उलटतपासणी घेते. लसूण लपवून आणणारे दोघे मी पकडले आहेत.

एक गोष्ट मात्र मला अजून जमत नाही. इथे मिस्टर, मिसेस, डॉक्टर काही नाही, सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला मी नावाने हाक मारू? मनात मी तिला आजी म्हणते आणि तोंडाने नुसतं "एक्स्क्यूज मी". पण यामागची गोष्ट मजेची आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजीतही आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं. हा पंथ सुरू करणारा जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या बरोबरच्या लोकांनी ठरवलं, देवापुढे सगळे सारखे, तर सगळ्यांना तूच म्हणायचं. न्यायाधीशालाही तू. त्याच्यापुढे टोपीही काढायची नाही, कोर्टात शपथही घ्यायची नाही, कारण शपथेवर खरं बोलायचं तर एरवी काय खोटं बोलतो का? त्यापायी तुरुंगात गेले बिचारे. आपल्याकडे मामलेदाराला कोणी "अरे तू" म्हणून बघावं!

आता तुला ज्यासाठी हे एवढं लांबवलं ते सांगते. बाकं.

ती लाकडी बाकं जुनी, जड, सुंदर आणि बसायला भयंकर. कोणीतरी म्हटलं, खुर्च्या आणू. त्यावर सभा. त्यांची कामकाजाची सभाही शांत बसूनच सुरू होते. मी सभासद नाही, नुसती येणारी, म्हणजे अटेंडर, म्हणून आधी क्लार्कला विचारून कोपऱ्यात बसले. आणि मला आठवले तुझे बाबा. लिफ्टच्या देखभालीची ती सभा आठवते? पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोघंतिघं एकदम ओरडतायत, तळमजल्यावाले "आम्ही लिफ्टचे पैसे का द्यायचे" म्हणून उठून गेलेले. बाबा घरी आले, घसा बसलेला, दोन तांबे पाणी प्यायले. आणि रात्री जेवणाच्या टेबलावर वही उघडून इतिवृत्त लिहिलं: "सर्वानुमते मंजूर." मी म्हटलं, अहो, अर्धी माणसं तर निघून गेली होती. ते म्हणाले, "जी राहिली त्यांचं सर्वानुमत." बारा वर्षं सेक्रेटरी होते. हा शब्द त्यांनी किती वेळा लिहिला असेल!

इथे मतदान नाही. हात वर नाही, मोजणी नाही. बोलायचं असेल त्याने उभं राहायचं, क्लार्कने नाव घेतलं की बोलायचं, मग जरा वेळ सगळे गप्प, मग दुसरा. पहिल्या सभेत काही ठरलं नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. एका आजोबांचे वडील, आजोबा सगळे त्या बाकांवर बसलेले, त्यांना ती जायला नको होती. तिसऱ्या सभेत क्लार्क म्हणाली, मला वाटतं आपण एका जागी येतोय, मी लिहून बघते. आणि तिने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर इतिवृत्त लिहायला घेतलं. आम्ही तीस-पस्तीस माणसं तिचं पेन बघत बसलो. मग तिने वाचलं. त्यात वाक्य होतं, काही जणांना बाकं गैरसोयीची वाटतात.

मनू, मी उभी राहिले. माझं मलाच कळलं नाही. मी म्हटलं, गैरसोय नाही. बाकांना हात टेकायला काही नाही, त्यामुळे आम्हाला बसल्यावर उठता येत नाही. मागच्या वर्षी दर रविवारी येणाऱ्या दोघीजणी आता येत नाहीत, त्यातली एक मला भाजीच्या दुकानात भेटली तेव्हा हेच म्हणाली. इंग्रजी माझं कसं आहे ते तुला माहीत आहे. क्लार्कने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, वाक्य खोडलं आणि पुन्हा लिहायला लागली. सगळे थांबले. माझ्या एका वाक्यासाठी! तिने वाचलं: बाकांवरून उठता न आल्यामुळे आपल्यातले काही जण यायचे थांबले आहेत, हे आम्ही ऐकलं. मग विचारलं, हे ठीक आहे का? तेव्हा सगळे एका सुरात "होप सो" म्हणाले. हीच त्यांची मंजुरी. हात असलेल्या खुर्च्या आणायच्या, दोन बाकं भिंतीशी ठेवायची. ते आजोबा म्हणाले, मला हे आवडलेलं नाही, पण मी आड येणार नाही. तेही तसंच सगळ्यांनी ऐकून घेतलं.

घरी येऊन मी बाबांच्या फोटोपुढे बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांना पटलं नसतं. "तीन महिने? खुर्च्यांना? तोवर लिफ्ट खाली कोसळेल," म्हणाले असते.

आणि ते अगदीच चूक नाहीत. या सावकाशीची किंमतही असते, ती दुसरेच भरतात. अमेरिकेत जर्मनटाउन नावाच्या गावी चार क्वेकरांनी १६८८ मध्ये लिहून दिलं की माणसं विकत घेणं बरोबर नाही. ते इकडून तिकडे, वरच्या सभेकडे पाठवलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं. गुलाम ठेवणाऱ्याला आपल्यात ठेवायचं नाही, असं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं ते १७७६ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं! आणि त्यानंतरही कितीतरी काळ तिथल्या मीटिंगमध्ये काळ्या माणसांना बसायला वेगळं बाक होतं. इथे चहा पिताना मी हे एकाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, हो, खरं आहे. सारवासारव केली नाही, तेवढं मला बरं वाटलं.

त्या आजींचं राहिलंच. एकदा त्यांनी विचारलं, तू भारतात कुठली? मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मुंबईपासून लांब, नागपूरजवळ, छोटं गाव आहे, वर्धा. त्या म्हणाल्या, "सेवाग्राम?" अगदी आपल्यासारखा उच्चार. माझ्या हातातला कप हलला. मार्जरी साइक्स नावाच्या क्वेकर बाई सेवाग्रामला नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणाच्या कामात, शिक्षक तयार करत होत्या, म्हातारपणी त्या इंग्लंडला परत आल्यावर या आजींनी त्यांचं बोलणं ऐकलं होतं. माझा जन्म वर्ध्याचा, सेवाग्रामला शाळेच्या सहलीने चार वेळा गेलेली, बापूकुटीपुढे फोटो काढलेला, आणि हे नाव मला कळलं बर्मिंगहॅममध्ये, एका गोऱ्या म्हातारीकडून. इथेच जवळ वुडब्रुक म्हणून क्वेकरांची अभ्यासाची जागा होती, १९३१ मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी गांधीजी तिथे येऊन राहिले होते. आता ते बंद झालंय.

मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये एक लग्न झालं. भटजी नाही, पाद्री नाही. सगळे गप्प बसलेले असताना दोघं उठली, एकमेकांचा हात धरून दोन वाक्यं म्हणाली, झालं लग्न. मग भलामोठा कागद टेबलावर ठेवला आणि हजर असलेल्या प्रत्येकाने साक्षीदार म्हणून सही केली, पोरांनीसुद्धा. पिहूने देवनागरीत नाव लिहिलं, "ह" उलटा काढला. आता त्या जोडप्याच्या भिंतीवर आयुष्यभर तो उलटा ह राहणार.

सभासद होणार का, असं मला एकदा विचारलं होतं. नाही म्हटलं. "ठीक आहे," म्हणाले, आणि पुढच्या रविवारची चहाची पाळी दिली.

एक काम कर. ताईची नणंद वीस तारखेला नागपूरहून निघते आहे. तिच्याबरोबर वर्ध्याच्या गोरसपाकचे दोन डबे पाठव, सेवाग्रामवाल्या आजींना खायला घालायचे आहेत. आणि पाठवण्याआधी डब्यावर काय काय घातलंय म्हणून लिहिलंय ते नीट वाचून मला कळव. दाणे असतील तर तसं सांग. मला चिठ्ठी लिहायची आहे.

सूनबाईला आशीर्वाद, आणि तिला हे पत्र वाचायला दे.

तुझी,
आई